वाटणीत राहून गेलेला फोल्डर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या घरफोडीत कोण पंच होता, हे विचारलं तर सांगता यायचं नाही. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे, आणि ती आठवली की अजूनही सुटल्यासारखं वाटतं. एका माणसाची पुढची सगळी वर्षं तेव्हा माझ्या एका सहीवर येऊन ठेपली होती.

हुबळीच्या बाजारात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बाजारपेठेतल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. शिपाई म्हणून भरती झालो, ड्युटी करत बाहेरून परीक्षा दिल्या आणि वर चढलो. कुणी हात धरून चढवलं नाही. कॉम्प्युटरच्या गुन्ह्यांचा कायदा नवा होता आणि त्याच्या प्रशिक्षणाला बंगळूरला माणसं पाठवत होते. मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा "तुमची नोकरी आता थोडीच राहिलीय" असं सांगून माझ्याहून कितीतरी नवख्यांना पाठवलं. हे मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

एका सकाळी साड्यांचे एक होलसेल व्यापारी ठाण्यात आले. मूळ घराणं कोल्हापूरकडचं, तीन पिढ्या हुबळीत. दोघे भाऊ, हे धाकटे. आमच्याकडे दुकानमालकाला सावकार म्हणतात, म्हणून मी यांना धाकटे सावकार म्हणतो. त्यांनी दोन साड्या माझ्या टेबलावर पसरल्या. काठ तोच, पदर तोच, पदरातली नागमोडी वेलही तीच.

"ही माझी. अजून दुकानात लावलेली पण नाही, लग्नसराईला काढणार होतो. आणि ही शेजारच्या दुकानातून काल विकत आणली."

"शेजारी म्हणजे कोण?"

"आमचे अण्णा," ते तोंड वाकडं करून म्हणाले. "सख्खे थोरले भाऊ."

बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की दिवाळीनंतर त्या भावांची वाटणी झाली. एकाच मोठ्या दुकानात मधोमध भिंत घातली. साड्यांचे काठ-पदर कॉम्प्युटरवर काढून विणकरांकडे पाठवायची त्यांची पद्धत होती. त्यामुळे कॉम्प्युटरचीही वाटणी झाली. ज्या मशीनवर डिझाइनं ठेवलेली असत ते धाकट्यांकडे आलं. थोरल्यांना जुन्या डिझाइनांची नक्कल आणि नवं मशीन मिळालं. डिझाइनं काढणारा आर्टिस्ट मात्र थोरल्यांकडे राहिला. धाकट्यांनी दुसरा माणूस ठेवला.

धाकट्या सावकारांसोबत विद्यानगरातला एक कॉम्प्युटरवाला होता. दोन्ही दुकानांची मशीनं तोच बघत असे. तिशीचा, चुणचुणीत, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. त्याने काही कागद पुढे ठेवले.

"साहेब, ही यांच्या मशीनची नोंद. बाहेरून कुणी त्यात शिरलं की मशीन लिहून ठेवतं. बघा, रोज सकाळी थोरल्या सावकारांच्या आर्टिस्टचा कॉम्प्युटर यात शिरलाय. डिझाइनचा फोल्डर उघडलाय."

"हे आर्टिस्टचंच मशीन कशावरून?"

"मशीनवर जो बसतो त्याचंच नाव मशीनला दिलेलं असतं. हे काय, लिहिलंय की."

खरंच होतं. प्रत्येक ओळीत त्या आर्टिस्टचं नाव होतं. शेजारी आणखी एक नाव होतं, ते प्रत्येक ओळीत एकच : जोतिबा.

"आणि हा जोतिबा कोण?"

"ते आमचं कुलदैवत," धाकटे सावकार म्हणाले. "लॉगिनला लागतं. ते सोडा, पुढचं बघा."

मी सोडलं नाही, त्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारली.

"आत्ताच्या आत्ता उचला त्याला," सावकार म्हणाले. "अण्णांच्या दुकानासमोरून चालवत न्या. बाजाराला कळू दे."

"सोमवारी."

"उद्या तरी?"

"सोमवारी."

"शनिवारी करा की ओ. रविवारी पेपरात येईल."

"पेपरात माझा फोटो यायचा नाही, वरिष्ठांचा येईल. तेव्हा सोमवार. तोवर हा तुमचा अर्ज, फिर्याद नाही. चौकशी करून फिर्याद नोंदवतो. आणि तोवर तोंडातून एक शब्द बाहेर गेला तर अर्ज फाडून हातात देईन."

माझा बाप हातगाडीवर भाजी विकत असे. समोरच्याला किती घाई आहे हे आधी ओळखायचं, मग आपला भाव सांगायचा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो होतो. त्या दिवशी मला दिसलं की सावकारांना घाई होती, पण कॉम्प्युटरवाल्याला त्यांच्याहून जास्त होती. सावकारांचा राग होता, म्हणून त्यांची घाई समजत होती. त्याला कसली घाई?

ते गेल्यावर ठाण्याचा रायटर, म्हणजे आमचं लिखाण सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल, माझ्यापुढे एक कागद घेऊन आला. तो सरकारी नोकरीच्या पोलीस पडताळणीचा होता. उमेदवार राहायला धारवाडला, पण कामाच्या जागेचा पत्ता आमच्या हद्दीतला, म्हणून आमच्याकडे चौकशीला आलेला. पद सरकारी शाळेत चित्रकला शिक्षकाचं. नाव वाचलं आणि मी कागद पुन्हा वाचला. तोच आर्टिस्ट होता.

"सर, वयाची शेवटची संधी आहे याची," रायटर म्हणाला. "या भरतीत नाही लागला तर पुढे अर्ज करता येत नाही. काल येऊन विचारून गेला, कागद कधी जाणार म्हणून."

"काल आला होता? स्वतःहून?"

"हौदु, होय सर. बाकावर बसून होता."

फिर्याद नोंदवली तर त्या कागदावर 'गुन्हा दाखल' असं लिहावं लागणार होतं. पुढे तो खटल्यातून सुटला असता, न सुटला असता, नोकरी त्याच दिवशी संपली असती. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. धाकट्या सावकारांनी तिकडेही गाठलं होतं. "आपल्याकडची ही पहिलीच कॉम्प्युटर केस होईल. लवकर करा. नाही जमलं तर प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे देऊ." शेवटचं वाक्य त्यांनी फार गोड आवाजात म्हटलं. मी फोन ठेवला आणि टेबलावरचा पेपरवेट जरा जोरात आपटला. रायटर चहा सांगायला बाहेर गेला. त्याला माझी सवय होती.

आर्टिस्टला बोलावून घेतलं. साध्या कपड्यातला शिपाई पाठवला आणि त्याला बजावलं की दुकानात पोलीस म्हणून सांगायचं नाही. पडताळणीचं काम आहे एवढंच आर्टिस्टला सांगायचं. तो आनंदाने आला. चाळिशीला टेकलेला, बारीक, बोटांना शाईचे डाग. खुर्चीवर टेकून बसला नाही, पुढच्या काठावर बसला.

चौकशीत पहिला प्रश्न कुठला विचारायचा यावर तेव्हा माझं एक मत होतं. घुमवून विचारलं की माणसाला विचार करायला वेळ मिळतो. म्हणून मी सरळ कागद पुढे टाकला.

"हा डिझाइनचा फोल्डर तू रोज उघडतोस?"

"होय साहेब."

"त्यातली डिझाइनं काढून घेतोस?"

"होय. ग्राफ काढून विणकरांकडे पाठवतो."

"ही वेलीची पण?"

त्याने साडीकडे पाहिलं. "होय, ही पण मीच पाठवली. का साहेब? विणताना काही चुकलं का?"

इतक्या वर्षांत मी अनेकांचे कबुलीजबाब घेतले. पहिल्या झटक्यात हो म्हणणारे दोनच प्रकारचे असतात. एक, दुसऱ्याला वाचवायला आलेला. दुसरा, आपण काय कबूल करतोय हे ठाऊकच नसलेला. पण कागदावर पाहिलं तर केस संपली होती. मशीनची नोंद होती आणि माणसाचा होकार होता. दुसऱ्या कुणी तिथेच हातकड्या मागवल्या असत्या.

"ही वेल तू काढलीस?"

"नाही साहेब. माझी अशी नसती. मी पानं जरा रुंद काढतो. ही सावकारांनी बाहेरून घेतली असणार."

"असणार म्हणजे? विचारलं नाहीस?"

"मालकाला कसं विचारायचं, हे कुठून आणलं म्हणून? वाटणी झाल्यापासून त्यांचं डोकं आधीच तापलेलं असतं. माझी चित्रं मी माझ्याच मशीनवर ठेवतो, आणि फोल्डरात नवीन आलं की विणायला पाठवतो. वाटणीच्या आधीपासून तसंच चालत आलंय."

त्याला बाहेर बसवून मी थोरल्या सावकारांना बोलावलं. दोघांची गाठ पडू नये म्हणून त्यांना मागच्या दाराने घेतलं. ते ताठ होते. शाल नीट करत बसले.

"ही वेलीची साडी तुमच्या दुकानातली?"

"होय की. माझ्याच आर्टिस्टनं काढलेली. हल्ली फार छान हात बसलाय त्याचा. मी त्याला म्हटलं पण, तू आता मास्तर होऊन जाशील, माझं कसं होणार."

"त्यानेच काढली, हे त्याने सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्या आर्टिस्टच्या फोल्डरात माझ्या आर्टिस्टचीच चित्रं असणार. आमचा धाकटा आलाय वाटतं? त्याला म्हणावं, डिझाइन सुचत नसेल तर दुकान बंद कर."

दोन जबाब मी शेजारी ठेवून पुन्हा वाचले. नोकर म्हणत होता, मालकाने आणली. मालक म्हणत होता, नोकराने काढली. चोरी करणारे दोघे मिळून असा जबाब देत नाहीत. त्यांनी आधी ठरवलं असतं, तर दोघांपैकी एकाने तरी 'मी काढली' किंवा 'मी आणली' असं म्हटलं असतं. इथे तसं म्हणणारा कुणीच नव्हता. मग ती त्या फोल्डरात आली कशी?

आर्टिस्टला पुन्हा आत घेतलं. "तुझा हा फोल्डर कधी बंद पडला होता का?"

"पडला होता की. वाटणीनंतर उघडतच नव्हता. नाव शोधायचो तर मशीन सापडत नाही असं यायचं. कॉम्प्युटरवाल्यांना फोन केला. ते आले, काहीतरी आकडे घातले, उघडून दिला. तेव्हापासून चांगला चालतोय."

आता मला कॉम्प्युटरवाल्याची घाई समजू लागली.

त्याला बोलावलं तेव्हा तो हसतच आला. मी त्याला चहा दिला, खुर्ची दिली. "मला प्रशिक्षण नाही," मी म्हटलं. "लहान पोराला सांगावं तसं सांग. या दोन दुकानांची मशीनं वेगळी कशी केलीस?"

त्याने चांगलं समजावलं, हे कबूल केलं पाहिजे. प्रत्येक कॉम्प्युटरला एक क्रमांक असतो. त्यातले पुढचे आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर. आधी सगळी मशीनं एकाच गल्लीत होती. वाटणीनंतर त्याने धाकट्यांच्या मशीनांना वेगळी गल्ली दिली. "एक कॉम्प्युटर दुसऱ्याला शोधतो म्हणजे आपल्या गल्लीत उभा राहून हाक मारतो. हाक दुसऱ्या गल्लीत ऐकू जात नाही. म्हणून यांना ते दिसत नाहीत, त्यांना हे दिसत नाहीत."

"मग आर्टिस्ट तिकडे शिरला कसा?"

"तेच तर! मुद्दाम काहीतरी केलं असणार त्याने. नेटवर सगळं शिकता येतं."

"दोन गल्ल्या कुठे जोडलेल्या आहेत का?"

"एक डबा आहे. राउटर म्हणतात. इंटरनेट फोनच्या लाइनवरून येतं ना, आणि तो फोन दोघांचा सामाईक आहे."

हेही बाजाराला ठाऊक होतं. दुकानाचा जुना फोन नंबर गदगपासून सोलापूरपर्यंतच्या गिऱ्हाइकांना पाठ होता. तो कुणी सोडायला तयार नव्हतं. दुकानाची वाटणी झाली, गोदामाची झाली, पण फोन नंबर दोघांचा राहिला. त्याची लाइन भिंतीतल्या एका भोकातून दोन्हीकडे जात होती आणि तो डबा त्या भोकापाशी बसवलेला होता.

"म्हणजे हाक पोचत नाही, पण पूर्ण पत्ता ठाऊक असला तर या डब्यातून पलीकडे जाता येतं. बरोबर?"

"तसं... हो. पण पत्ता कुणाला ठाऊक असणार?"

"तुला."

मी त्याच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला आणि मग माझा आवाज चढला. तो किती चढला हे मी लिहीत नाही. रस्त्यापलीकडच्या पानवाल्याने नंतर रायटरला विचारलं होतं, साहेबांनी कुणाला मारलं का म्हणून. मी कुणाला हात लावला नव्हता. पण कॉम्प्युटरवाल्याने तरीही मान्य केलं नाही. "मी फक्त फोल्डर चालू करून दिला. पुढचं त्याचं त्याने केलं," एवढंच तो धरून बसला. आर्टिस्टला ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्न उरलाच. सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

मग मी ठरवलं, प्रत्यक्षच बघू.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडल्यावर मी दोन पंच घेऊन आधी धाकट्यांकडे गेलो. त्यांच्या मशीनवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच माउस हातात धरला होता. चित्र काढायचा जो प्रोग्राम होता त्यात मी एक म्हैस काढली. शिंगं दोन्ही एकाच बाजूला गेली आणि पाय कुठे संपतात ते मलाच कळेना. ते चित्र मी धाकट्यांच्या डिझाइनच्या फोल्डरात ठेवायला लावलं.

"हे काय आहे साहेब?" धाकट्यांनी विचारलं.

"पुरावा. इथेच थांबा."

मग भिंतीला वळसा घालून थोरल्यांकडे गेलो. आर्टिस्ट कामावर बसलेला होता. पंच मागे उभे राहिले. मी त्याला एवढंच सांगितलं, "रोज सकाळी जे करतोस ते कर." त्याने पडद्यावरच्या एका चित्रावर टिचकी मारली. पासवर्ड विचारला गेला नाही, काही नाही. फोल्डर उघडला आणि सगळ्यात वर माझी म्हैस आली.

आर्टिस्ट बघतच राहिला. मग त्याने वळून गादीवर बसलेल्या थोरल्या सावकारांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण हे जर सावकारांनी कुणाला पैसे देऊन काढून घेतलं असेल तर त्यांना फसवलंय. मी हे विणायला पाठवणार नाही. पदरावर म्हैस कोण घेणार?"

"म्हैस आहे हे ओळखलंस, हेच फार झालं," मी म्हटलं. एक पंच खोकला.

"हे आलं कुठून पण?"

"भिंतीपलीकडून. तुझ्या धाकट्या सावकारांच्या मशीनमधून. आत्ता मी ठेवून आलोय."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. वेल, मोर, रुईची फुलं, गेल्या काही महिन्यांत त्याने विणायला पाठवलेलं एकेक त्याला आठवत असणार. तो उठून उभा राहिला. अनेक गुन्हेगारांना मी आश्चर्याचं सोंग करताना पाहिलंय. ते आधी हातवारे करतात. याचे हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते. खाली बस म्हणून मलाच सांगावं लागलं.

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन करून तिथेच बोलावलं. म्हैस दाखवली. आता तो बोलू लागला. आर्टिस्टचा फोल्डर बंद पडला तेव्हा तो घाईत होता. डिझाइनचा फोल्डर म्हणजे त्या जुन्या मशीनवरचा, हे त्याच्या हातात बसलेलं होतं. त्याने थोरल्यांच्या नव्या मशीनचा क्रमांक घालायच्या ऐवजी जुन्याचा, म्हणजे धाकट्यांच्या मशीनचा क्रमांक घातला. फोल्डर उघडला, तो निघून गेला. धाकट्यांनी तक्रार केली तेव्हा नोंद बघून त्याच्या लक्षात आलं. दोन्ही गिऱ्हाइकं जातील म्हणून त्याने तोंड उघडलं नाही. उलट नोंदीचे कागद छापून आणून दिले.

"एका माणसाची नोकरी जात होती, ठाऊक होतं?"

"नोकरीचं ठाऊक नव्हतं साहेब. देवाशपथ."

"कुठल्या देवाची? आणि पासवर्ड का विचारला नाही ते सांग. मशीन माझं, फोल्डर माझा, शेजाऱ्याने दार ढकललं तर आत कसं घेतलं?"

तो हळू म्हणाला, "तिकडच्या मशीनवर तेच नाव आणि तोच पासवर्ड असेल तर ते आपला माणूस समजून आत घेतं. विचारत नाही. दोन्ही दुकानांत नाव जोतिबा आणि पासवर्ड म्हणजे मूळ गावाचं नाव. वाटणीच्या वेळी मी दोघांना सांगितलं होतं, बदला म्हणून."

"मग?"

त्याने एकदा भिंतीकडे आणि एकदा थोरल्या सावकारांकडे पाहिलं.

दोघा भावांना मी ठाण्यात समोरासमोर बसवलं. थोरले म्हणाले, "मूळ देव थोरल्याकडे राहतात. रीत आहे. मी देवाचं नाव काढलं तर देव त्याच्याकडे गेले असं झालं."

"आई माझ्याकडे आहे," धाकटे म्हणाले. "आई जिथे, देव तिथे. मी का काढू? अण्णांनी काढावं."

"अजून देवघराची वाटणी व्हायचीय साहेब, आणि हा आत्ताच हक्क सांगायला निघालाय."

"हक्क आहे म्हणून सांगतो!"

म्हणजे एवढंच होतं. भिंत घातली, गल्ल्या वेगळ्या केल्या, पण जो आधी नाव बदलेल त्याने देव सोडला असा अर्थ निघेल, म्हणून दोघांनी एकच किल्ली सांभाळून ठेवली होती. बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. मला आलं नाही. आमच्याच भाऊबंदांत देवघरावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं.

पण फोल्डर उघडा ठेवून उपयोग नव्हता. मी सौद्याला बसलो.

"दोघांनी एकाच वेळी बदलायचं."

"आधी त्याने."

"आधी अण्णांनी."

"ठीक. मग दोन्ही मशीनं मी जप्त करतो. तपास होईपर्यंत ती ठाण्यात राहतील. लग्नसराई होऊन जाईल. आणि पंचनाम्यात लिहितो की दोन्ही मशीनांवरचा जोतिबा पोलिसांनी ताब्यात घेतला. मग तो ना तुमचा, ना यांचा."

रायटर लेखणी थांबवून कन्नडमध्ये म्हणाला, "सर, देवरन्न हेंग बरीली?" म्हणजे देवाला लिहू कसं?

"मुद्देमाल, एक नग," मी म्हटलं.

आधी धाकट्यांच्या ओठांचे कोपरे हलले. थोरल्यांनी ते पाहिलं आणि "हसतोय बघा, लाज नाही," असं म्हणता म्हणता स्वतःच हसले. मला तेवढी फट पुरली. ठरलं असं : दोघे आपापल्या दुकानात बसतील, दुकानांच्या पायऱ्यांवर माझा एकेक शिपाई उभा राहील, आणि मी रस्त्यात उभा राहून हात वर केला की दोघांनी एकदम नाव बदलायचं. नवं नाव एकमेकांना सांगायचं नाही. मी हात वर केला तेव्हा अर्धा बाजार बघत होता. काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही. मग मी पुन्हा आर्टिस्टला टिचकी मारायला लावली. मशीनने पहिल्यांदाच नाव आणि पासवर्ड विचारला. त्याच्याकडे तो नव्हता. म्हैस दिसली नाही.

जी डिझाइनं आधीच विणून झाली होती, त्यांचं दोघांनी आपसात मिटवलं. त्याला आणखी बरीच घासाघीस लागली, ती इथे सांगत नाही. धाकट्यांनी अर्ज मागे घेतला. कॉम्प्युटरवाल्याने दोन्हीकडे जाऊन माफी मागितली आणि डब्यात मधलं दार बंद केलं. त्याला दोन्ही गिऱ्हाइकांनी काढलं नाही. तोच एक दोघांशी बोलणारा उरला होता.

वरिष्ठांना मी कळवलं की गुन्हा घडलेला नाही. ते म्हणाले, "म्हणजे केस नाही?" त्यांच्या आवाजात निराशा स्पष्ट होती. पुढे प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव आलं नाही ते नाहीच. जिथे गुन्हा नव्हता तिथे तो नाही हे शोधून काढल्याची नोंद खात्यात कुठे होत नाही. अटक केली असती तर झाली असती. हे मला तेव्हाही बोचलं आणि आता लिहितानाही बोचतंय.

ड्रॉवरमधला पडताळणीचा कागद मी त्याच दुपारी काढला. 'आक्षेपार्ह काही आढळलं नाही' असं लिहून सही केली आणि शिपायाला स्वतः नेऊन दे म्हणून सांगितलं. आर्टिस्ट बाहेरच्या बाकावर बसलेला होता. त्याला सांगितलं तर तो पाया पडायला वाकला. मी ओरडलो, "उठ! ठाण्यात पाया पडायचं नाही." मग विचारलं, "तू एवढ्या लगेच हो का म्हणालास रे? जरा आढेवेढे घ्यायचेस. मी चिडका माणूस आहे, तिथेच आत टाकलं असतं तर?"

"उघडलं होतं साहेब," तो म्हणाला. "मग नाही कसं म्हणायचं?"

त्याच्या या उत्तराने माझी चौकशी करायची रीत बदलली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माणसापुढे पुरावा टाकला की 'हे तू केलंस का' हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर नेला. पहिला प्रश्न असायचा, 'हे कुणाचं आहे असं तुला वाटत होतं?' खरा चोर या प्रश्नाला अडखळतो, कारण त्याला ते ठाऊक असतं आणि ते बोलायचं नसतं. निरपराध माणूस जे वाटत होतं ते सांगून मोकळा होतो. यंत्राची नोंद खोटं बोलत नाही, पण कोण आला एवढंच सांगते. कुणाच्या घरी आलो असं समजून आला, ते तिला ठाऊक नसतं. ते विचारायला पोलीस लागतो.

त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो. आठवडाभर जमलं नव्हतं. भाकरी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा बायकोने वर पाहिलं.

"मोठी केस सुटली वाटतं?"

"नाही. केसच झाली नाही."

"मग एवढे खूश कशाने?"

"त्यानेच," मी म्हटलं, आणि ताट पुढे केलं.